फाईल गहाळ, आणि कोणावरच गुन्हा नाही

आज माहिती आयोगाचा आदेश टपालानं आला. आईला वाटलं, निकाल लागला. शेवटच्या ओळीत काय, तर जन माहिती अधिकाऱ्यांनी (कार्यालयात माहितीचे अर्ज हाताळणाऱ्यांनी) यापुढे दक्षता घ्यावी, अशी समज देण्यात येते! दंड नाही, चौकशी नाही.

बाबांचं सेवापुस्तक, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, त्यांच्या कार्यालयातून गायब आहे आणि त्यावाचून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलंय. माहिती अधिकारात प्रत मागितली. तीस दिवसांची मुदत कधीच उलटल्यावर उत्तर आलं, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ म्हणजे कागद सापडत नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम २० स्पष्ट आहे. सबळ कारणाशिवाय उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तेही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. आपण नीट वागलो हे त्यानं सिद्ध करायचं, अर्जदारानं नाही. मग समज कसली देता? आणि त्याच कार्यालयातल्या ज्या वरिष्ठ साहेबांनी आमचं पहिलं अपील कागदही न बघता निकाली काढलं, त्यांना तर या कायद्यात दंडच नाही!

मान्य, एकेका लिपिकाकडे तीन-तीन टेबलं असतात. माहिती अधिकाराचा धंदा करणारेही असतील. माझी आई त्यांतली आहे का?

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाबांच्या बोटांचे ठसे होते. पुढे प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा, साहेबांच्या सहीनिशी. मूळ पुस्तक कार्यालयाच्याच कपाटात असतं. आणि आईलाच विचारतात, ‘बाई, झेरॉक्स असेल ना तुमच्याकडे?’

सरकारी कागदपत्रांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदा आहेच. अभिलेख परस्पर नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हरवणं वेगळं, नष्ट करणं वेगळं, हेही कबूल. पण काय झालं ते पोलिसांनी शोधायचं की आईनं?

आस्थापना शाखेतली नवी लिपिक मुलगी माझ्यासोबत धुळीचे गठ्ठे उपसत होती. तिच्यावर राग नाही, ती रुजू होण्याआधीच पुस्तक गेलेलं. दंड तिच्या गळ्यात मारू नका. ताबा कोणाकडून कोणाकडे गेला ते चार्ज देताना केलेल्या यादीत असतं. ती यादी काढा, शेवटची सही कोणाची ते बघा आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवा.

अभिलेख कायद्याखाली तुमच्यापैकी कोणी पोलिसांत तक्रार दिली असेल, तर तिचा मसुदा मला पाठवा. सोमवारी मी ठाण्यात जाणार आहे.