पाच माणसं पाहिजेत

जेकब नील्सन नावाच्या गृहस्थांनी २००० साली लिहून ठेवलं की एखादं ॲप किंवा वेबसाइट फक्त पाच जणांवर टेस्ट केली तरी वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. तेव्हापासून आम्ही यूएक्सवाले, म्हणजे ॲप लोकांना वापरायला सोपं जातं का ते बघणारे, पाच माणसं शोधत हिंडतोय. मॅनेजरला वाटतं पाच तर पाच, टपरीवर उभी असतात.

यावेळचं ॲप किराणा दुकानदारांसाठी होतं, उधारी मोबाईलवर लिहायचं, आणि आम्हाला हवे होते अजूनही वहीत लिहिणारे. आता स्क्रीनरमध्ये, म्हणजे माणसं निवडायच्या फॉर्ममध्ये, 'तुम्ही वहीत लिहिता का' असं सरळ विचारायचं नसतं, कारण खाली पाचशेचं व्हाउचर दिसलं की अख्खं पुणे वहीत लिहायला लागतं. म्हणून आडून विचारायचं, 'मागच्या महिन्यात यातलं काय काय वापरलं', आणि यादीत एक नसलेलं ॲप घुसवून द्यायचं, म्हणजे ठोकून देणारे सापडतात. मी त्याचं नाव ठेवलं हिशोबबुवा.

४१ फॉर्म आले. ११ जण हिशोबबुवा वापरत होते. एकाला मुद्दाम फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ॲप छानच आहे, पण अपडेट आल्यापासून जरा हँग होतं." मी "अरेरे" म्हणाले, आणि खरं सांगते, दोन सेकंद मनापासून वाईट वाटलं.

मग घरून मदत आली. आई म्हणाली, "माणसंच पाहिजेत ना, भिशीत चौदा जणी आहेत." अगं पण दुकान पाहिजे. "मग सुलभाकाकू घरून भाजणी विकते ते काय देऊळ आहे?" काकू आल्या, जाऊबाईंना घेऊन. प्रश्न काकूंना, उत्तरं जाऊबाईंची, आणि पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये वीस मिनिटं चकली का विरघळते यावर. (मोहन जास्त झालं तर. आता मला माहितीये.)

न येणारे धरून सात दुकानदार बोलावले होते. एकाकडे माल उतरत होता, एकाच्या नात्यात मर्तिक निघालं, एकाने भाच्याला पाठवलं कारण "मोबाईलचं सगळं तोच बघतो", दोघांनी फोन उचलला नाही. एकजण सकाळी अकराला "निघालोय, पाच मिनिटात" म्हणाला होता, तो अजून येतोच आहे. आला तो एकच, आणि तो हिशोबबुवावाला.

शेवटी हरून घरी येताना सोसायटीखालच्या दुकानात दूध घ्यायला थांबले तर काका लाल वही उघडून, कानामागचं पेन काढून काहीतरी लिहीत होते. तीन वर्षं रोज बघतेय मी ही वही! म्हटलं काका, उद्या तासभर द्या, ऑफिसकडून पाचशे रुपये मिळतील, उधारी कशी लिहिता तेवढंच दाखवायचं.

"उद्या कशाला, आत्ताच दाखवतो की," म्हणाले, थुंकी लावून चार पानं उलटली आणि बोट ठेवलं. बी विंग, ३०२, दूध, ब्रेड, अंडी, परत दूध. एकूण ६४०.

"पाचशे धरले," काका म्हणाले, "तू वरचे एकशे चाळीस आत्ता दे, बाकीचे ऑफिसच्या त्या पाचशेतून वळते करून घेतो."