धनाजीला फितूर ठरवण्याआधी

आज डिचोलीत एका व्याख्यानात सेनापती धनाजी जाधवांचा उल्लेख ‘खेडला निष्ठा विकलेला सरदार’ असा झाला, त्यावर टाळ्याही पडल्या, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. प्रश्नोत्तरे ठेवली नव्हती, म्हणून इथे लिहितो.

हा माणूस जिजाऊंच्या माहेरचा, सिंदखेडच्या जाधवांपैकी. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर संताजी घोरपड्यांच्या जोडीने त्याने औरंगजेबाच्या छावणीची झोप उडवली, आणि १७०६ मध्ये गुजरातेत रतनपूरला मोगली फौजेचा धुव्वा उडवला. पुढच्याच वर्षी औरंगजेब वारला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राजाराम महाराजांच्या पश्चात राज्य चालवणाऱ्या त्यांच्या राणी ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले. ज्या फौजेने वीस-पंचवीस वर्षे मोगलांशी झुंज दिली, तिलाच १७०७ च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला आपल्याच माणसांवर चालून जायचे होते. समोरचा शाहू खरा आहे, अशी खात्री पटल्यावर धनाजींनी त्यांच्यावर तलवार उचलली नाही. ताराबाईंच्या बाजूने लढणाऱ्या परशुरामपंत प्रतिनिधींना माघार घ्यावी लागली.

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथ घेववली होती, असे सांगतात. ती मोडली, हे मान्य. पण थोरल्या शिवाजी महाराजांच्या सख्ख्या नातवावर घाव घालणे, यालाच का निष्ठा म्हणायचे?

मला हे इतके झोंबते, त्याला कारण माझे आजोबा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावरच्या जनमत कौलाच्या वेळी ते विलीनीकरणवाले, गावभर त्या बाजूच्या ‘फूल’ या चिन्हाचा प्रचार करणारे मराठीचे मास्तर. १६ जानेवारी १९६७ रोजी मात्र त्यांनी विलीनीकरणविरोधी ‘दोन पानां’वर मत दिले आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून ते सगळ्यांना सांगितलेही. गोवा महाराष्ट्राचा एक तालुका होऊन राहील, हे त्यांना पटेनासे झाले होते. मराठी त्यांनी सोडली नाही, शाळा सोडली नाही. तरी पुढच्या जत्रेत पालखीला खांदा द्यायला ते सरसावले, तेव्हा एका शेजाऱ्याने दांडा आपल्याकडे ओढून घेतला. आजोबा बाजूला झाले आणि पालखी जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. आमच्या घराला ‘फितुराचे घर’ म्हणणारी माणसे माझ्या लहानपणीही होती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची मुले आजोबांकडेच मुळाक्षरे शिकली होती!

ताराबाईंची बाजू खोटी होती, असे मी मुळीच म्हणत नाही. राजाराम महाराजांच्या पश्चात सात वर्षे राज्य त्यांनीच तगवले. शाहूंनी धनाजींचे सेनापतिपद कायम ठेवले, तेव्हा हिशेबही असेल. आजोबांनी काही मिळवले नाही, एवढा फरक मी कबूल करतो. पण त्या पदाचे सुख ते किती? १७०८ मध्ये धनाजी वारले, आणि त्यांचाच मुलगा चंद्रसेन बाळाजी विश्वनाथांशी भांडून आधी ताराबाईंकडे व मग निजामाकडे गेला. त्याला फितूर म्हणा, माझी हरकत नाही.

आयोजकांपैकी दोघेजण माझ्या मित्रयादीत आहेत. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवा; मी येईन आणि पहिल्या रांगेत बसेन.