दाखल्यावर नाव लागलं, म्हणजे बाप ठरला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लग्न न झालेल्या वडिलांच्या कायदेशीर पितृत्वावरच्या लेखावर तुमचा आक्षेप असा: मी साध्या गोष्टीचा बाऊ केलाय. हॉस्पिटलच्या फॉर्मवर बापाचं नाव लिहायचं, शंका असेल तर खासगी लॅबमध्ये डीएनए करायचा, विषय संपला. तुमच्या मित्राने हेच केलं. आणि वकील लोकांना घाबरवून पोट भरतात, हेही तुम्ही लिहिलंत. ते शेवटचं राहू द्या. बाकीच्यात निम्मं खरं आहे, पण त्या निम्म्यावर विसंबणारेच पुढे अडकतात.

खरं काय, ते आधी. जन्माची खबर २१ दिवसांत जन्म-मृत्यू निबंधकाकडे जाते. त्या वेळी आई राजी असेल आणि दोघांनी मिळून प्रतिज्ञापत्र दिलं, तर नाव लागायला सहसा अडचण येत नाही. आईला नाव सांगायचं नसेल तर तिच्यावर सक्ती नाही. एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय. बापाच्या नावाचा रकाना एकदा कोरा राहिला आणि नंतर दोघांचं बिनसलं, की निबंधक हात वर करतो, आणि ते बरोबरच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे. मुलाचा बाप कोण, हा वाद सोडवणं निबंधकाचं काम नाही. तो कोर्टाचा हुकूम मागणार. सरकारी राजपत्रातल्या (गॅझेट) जाहिरातीने नाव बदलतं, बाप नाही. म्हणून ‘नंतर बघू’ हे या प्रकरणात सगळ्यात महाग पडतं.

आता खासगी डीएनए. शास्त्रात खोट नाही. नातं नसेल तर डीएनएमधल्या अनेक खुणा जुळत नाहीत आणि पितृत्व सरळ बाद होतं. असेल तर ९९.९ टक्क्यांच्या वरचा आकडा येतो. (एखादीच खूण जुळली नाही तर घाबरू नका, उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएमधल्या अचानक बदलाने, तसं होतं; लॅबने जास्त खुणा तपासायला हव्यात.) खोट आहे ती नमुन्यात. गालाच्या आतून घासलेला कापसाचा बोळा नेमका त्याच मुलाचा, हे सांगणार कोण? घरी घेऊन कुरियरने पाठवलेल्या नमुन्याला विरुद्ध बाजूचा वकील पहिल्याच प्रश्नात उडवतो. कोर्टाच्या आदेशाने नमुना घेतात तेव्हा प्रत्येकाची ओळखपत्रं, फोटो, सही-अंगठा, साक्षीदार, मोहोरबंद पाकीट आणि ते कोणाच्या हातून कोणाकडे गेलं याची नोंद असते. बोळा वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि नमुना खराब होतो. घरगुती चाचणीत हे हमखास चुकतं.

बरं, कोर्ट चाचणीचा आदेश मागितला म्हणून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गौतम कुंडू प्रकरणातल्या निकालापासून, म्हणजे १९९३ पासून, भूमिका तीच आहे: आधी सकृतदर्शनी भक्कम केस दाखवा, मग रक्ताचं बघू. आदेश झाल्यावर समोरच्याने नमुना द्यायला नकार दिला, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं, इतकंच.

तुमच्या प्रतिक्रियेत नसलेला मुद्दा सगळ्यात घातक आहे. आई त्या काळात दुसऱ्या कोणाची कायदेशीर पत्नी असेल, तर मूल कायद्याने तिच्या नवऱ्याचं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर ते औरस, म्हणजे त्या नवऱ्याचं कायदेशीर मूल, हा निर्णायक पुरावा. गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध केलं तरच तो मोडतो. जानेवारी २०२५ मध्ये इव्हान रथिनम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. तिथे तुमचा ९९.९ टक्क्यांचा कागद बहुधा फाइलमध्येच पडून राहील. याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते: तुम्ही दोघं लग्नाला मोकळे असाल आणि बाळाच्या जन्माच्या आदल्या दिवशी जरी लग्न केलंत, तरी हेच कलम तुमच्या बाजूने उभं राहतं. गर्भ कधी राहिला, हे ते विचारत नाही.

आणि समजा नाव लागलं. तरी पालकत्व मिळालं असं नाही. हिंदूंसाठी (यात बौद्ध, जैन, शीख आले) १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. पोटगीची जबाबदारी मात्र बापावर आहेच. ती टाळायला ‘लग्न झालं नव्हतं’ हे कारण चालत नाही. वारसाचं तर आणखी कठीण. हिंदू उत्तराधिकार कायद्यात असं मूल आईशी संबंधित मानलं जातं, बापाशी नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर वारस म्हणून मुलाच्या हाती काही येत नाही. दाखल्यावर बापाचं नाव असूनसुद्धा. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यात ‘माझी मुलं’ असं मोघम न लिहिता मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहा. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, ते इथे आणत नाही.

तुमच्या मित्राला आता आई मुलाला भेटू देत नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्याने लॅबचा रिपोर्ट घेऊन निबंधकाकडे खेटे घालू नयेत. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात (ते नसेल तर जिल्हा न्यायालयात) १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा आणि त्यातच भेटीची अंतरिम मागणी घालावी. सोबत जन्मदाखला, प्रसूतीच्या वेळचे हॉस्पिटलचे कागद, त्याच्या खात्यातून गेलेल्या फीच्या पावत्या. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत; साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आईने कुठेही त्याला बाप म्हणून स्वीकारल्याचा मेसेज असेल, तर तो फोन विकू नये आणि रिसेटही करू नये.