सा येतो पन्नास फुटांवरून

मला पेटी शिकायची होती. खरी पेटी आणली असती तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला असता. म्हणून यूएसबी कीबोर्ड, हेडफोन आणि डेबियन लिनक्सवर चालणारी सॉफ्टवेअरची पेटी असा चोरटा रियाज सुरू केला. पट्टी दाबली की सा यायचा, पण दमानं. आवाज साउंड कार्डापर्यंत पोचवणारा जॅक नावाचा साउंड सर्व्हर 1024 फ्रेमचे, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या बारीक तुकड्यांचे, दोन बफर (साठवणीचे डबे) भरत बसायचा. सेकंदाला 48000 फ्रेम धरल्या तर हा उशीर 42.7 मिलिसेकंदांचा. तेवढ्यात आवाज जवळजवळ पन्नास फूट जातो. म्हणजे पेटी मी बेडरूममध्ये वाजवत होतो आणि ऐकत होतो सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून.

दोष अर्थातच साउंड कार्डाचा.

आइस 1712 चिपची जुनी कार्डं लिनक्सवर झकास चालतात आणि जुनी म्हणून स्वस्तही पडतात. लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात एक मिळालं. घरी कॅबिनेट उघडलं, तर कार्ड पीसीआयचं आणि बोर्डावरचे सगळे स्लॉट पीसीआय एक्स्प्रेसचे. खाच एकीकडे, स्लॉटचा दात दुसरीकडे. जरा जोर लावून पाहिला, मग निमूट झाकण लावलं.

आता यूएसबीला बाहेरून लावायचं साउंड कार्ड, म्हणजे एक डबी. "लिनक्सवर चालेल का?" असं विचारलं की दुकानदार सांगतो, "सर, विंडोज, मॅक, सगळ्यावर चालतं!" दोन दुकानांनंतर अक्कल आली. जी डबी यूएसबीच्या ठरलेल्या ऑडिओ क्लासमध्ये, म्हणजे सर्वमान्य नियमांत, बसते ती आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालते, आणि ती आमच्याकडेही चालते. तिसऱ्या दुकानात, जन्मात आयपॅडला हात न लावलेला मी खर्जात म्हणालो, "माझ्या आयपॅडला हवंय." चहा आला. किंमतही चढली.

डबी लावली. सा अजून गेटपाशीच! कारण सेटिंगमधले 1024 जागचे हललेच नव्हते. 128 केले, तर सुरात भजी तळल्यासारखा चरचराट. मग आठवलं. जॅक टाकताना डेबियननं विचारलं होतं, रिअलटाइम प्राधान्य द्यायचं का, म्हणजे आवाजाच्या कामाला बाकी कामांच्या आधी नंबर? खाली इशारा होता, मशीन पार गोठू शकतं. कुणी कर्जाला जामीन राहायला सांगावं तसा मी 'नाही' म्हणून मोकळा झालो होतो.

आता 'हो' म्हटलं, हे प्राधान्य ज्यांना मिळतं त्या ऑडिओ गटात स्वतःला घातलं, लॉगआउट होऊन परत आलो. 128चे तीन बफर, आठ मिलिसेकंद. भजी थांबली. मुलगा वही घेऊन दारात उभा. "बाबा, कॉम्प्युटर सोडायला अजून किती मिलिसेकंद?"

रात्री सगळे झोपल्यावर डबी काढली आणि बोर्डावरच्या मूळच्या, फुकटच्या कार्डावर तोच प्रयोग केला. 128चे दोन बफर, 5.3 मिलिसेकंद. चरचर नाही की काही नाही.

सकाळी बायकोनं विचारलं, "एवढे पैसे घातलेस, फरक पडला ना?"

"पडला की," म्हटलं आणि ती अंघोळीला गेल्यावर डबी परत लावून ठेवली.