अम्हारिक उच्चार: त्या फिरत्या तक्त्याबद्दल खुलासा

अम्हारिक नावं मराठीत कशी लिहावीत याचा एक तक्ता सध्या फिरतो आहे. 'सेमिटिक (म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली) भाषा आहे, म्हणून अरबीसारखी उजवीकडून वाचा. रोमन क्यू म्हणजे अरबी काफ. टी-नंतर अपॉस्ट्रॉफी दिसली की ठ किंवा थ लिहा,' असं त्यात म्हटलंय. तिन्ही चूक.

इथिओपियातली ही भाषा ज्या फिदेल लिपीत लिहितात, ती डावीकडून उजवीकडे जाते. प्रत्येक व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपं असतात. बाराखडी शिकलेल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. लिप्यंतरातला क्यू हा अरबीसारखा पडजिभेजवळचा नाही. तो क-च, पण वेगळ्या पद्धतीने काढलेला: स्वरयंत्र बंद करून वर उचलायचं आणि तिथे कोंडलेली हवा फटकन सोडायची. अपॉस्ट्रॉफीवाला टी तसाच. आपल्या ठ-थ मध्ये फुप्फुसातून जास्तीचा श्वास येतो, म्हणजे हे नेमकं उलट झालं! निळ्या नाईलच्या उगमाशी असलेलं सरोवर म्हणूनच 'थाना' नव्हे, 'ताना' लिहिलेलं बरं.

अरबीतला घशातला 'ऐन' अम्हारिकमध्ये उरलेला नाही. अक्षर आहे, उच्चार गेला. शेजारच्या तिग्रिन्या भाषेत मात्र तो टिकून आहे.

खरी अडचण तक्त्यात आलेलीच नाही. फिदेल लिपी द्वित्त, म्हणजे एकाच व्यंजनाचा दुहेरी उच्चार, दाखवत नाही. 'अलं' म्हणजे 'तो म्हणाला' आणि 'अल्लं' म्हणजे 'आहे'. लिहिताना दोन्ही सारखेच. (शेवटचा अनुस्वार इथे बोली मराठीतल्या 'केलं'सारखा वाचावा.) त्यामुळे नुसती अक्षरं बघून केलेलं लिप्यंतर अर्धवटच राहतं; उच्चार ऐकावाच लागतो.