बिड वाढवली की फोन वाढतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादांचं कोपरखैरण्याला पेस्ट कंट्रोलचं काम आहे आणि त्यांचं म्हणणं असं की गूगल सर्चमध्ये ॲड वर दिसते की खाली, त्या जागेने कन्व्हर्जन रेट (क्लिक करणाऱ्यांपैकी किती टक्के लोक फोन करतात तो आकडा) फारसा बदलत नाही हे मी मूळ लेखात लिहिलं ते साफ चूक, कारण त्यांची ॲड सगळ्यात वर असली की क्लिक करणाऱ्यांपैकी ८ टक्के लोक फोन करतात आणि खाली गेली की ३ टक्के.

आकडे खरे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण हा फरक जागेने पडलाय असं त्यावरून ठरत नाही. सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडा, लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते त्यात दिसतं. 'कोपरखैरणे वाळवी ट्रीटमेंट' असं कोणी टाकलं की तुमची ॲड तिथे चपखल बसते म्हणून ती वर जाते, कारण जागा नुसत्या बिडवर, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार त्या बोलीवर, ठरत नाही, ॲडची क्वालिटीही धरतात, आणि ज्याच्या दाराची चौकट पोखरली गेलीय तो दुसऱ्या-तिसऱ्या ॲडवर आला तरी फोन करणारच. 'झुरळं कशी घालवायची' ला तुम्ही खाली दिसता, आणि त्या माणसाला पहिल्या नंबरवरून साइटवर आणलंत तरी तो बोरिक पावडरच आणणार. त्यात तुमचं बिडिंग ऑटोमॅटिक असेल तर फोन येण्याची शक्यता दिसली की गूगल स्वतःच जास्त बोली लावतं, म्हणजे फोन येणार म्हणून ॲड वर गेली, वर गेली म्हणून फोन आला असं नाही.

गूगलचे तेव्हाचे चीफ इकॉनॉमिस्ट हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्ये हेच मांडलं होतं. सगळ्यात वरच्या जागेला १ टक्का रेट असेल तर सगळ्यात खालच्या जागेला सरासरी ०.९५ टक्के. आकडा जुना आहे, सर्च रिझल्टच्या उजवीकडच्या ॲड २०१६ मध्ये गेल्या, ॲडची ॲव्हरेज पोझिशन (सरासरी जागा) दाखवणं २०१९ मध्ये बंद झालं. आणि रात्री पाइप फुटलेला माणूस पहिल्या ॲडलाच फोन लावेल, तेही मला मान्य. पण वाळवीसाठी माणूस दोन-तीन कोटेशन घेतोच की.

बिडने खरं बदलतं ते क्लिकची संख्या आणि क्लिकचा भाव. समजा बिड ४० रुपये, १०० क्लिक, खर्च ३,००० आणि कामं ५, म्हणजे एक काम ६०० ला पडलं. बिड ७० केली, क्लिक १४०, खर्च ७,०००, कामं ७. सरासरी १,००० दिसते, ठीक वाटतं, पण नीट बघा, जादाची २ कामं ४,००० ला आली, एकेक २,००० ला! वन-बीएचकेच्या झुरळांच्या कामात एवढे सुटतात का? सोसायटीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर जरूर लावा, मी नको म्हणणार नाही.

तपासायचंच असेल तर मे आणि जुलै असं कम्पेअर करू नका, पावसाळ्यात तुमचे फोन तसेही बदलतात. गूगल ॲड्समध्ये एक्सपेरिमेंट लावा, ट्रॅफिक अर्धं-अर्धं, दोन्हीकडे मॅन्युअल बिडिंग, एकीकडे फक्त बिड जास्त, आणि मग एकाच सर्च टर्मचे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून मला पाठवा, ८ आणि ३ तेव्हाही निघाले तर ते आकडे मी मूळ लेखात घालतो.