पगार सात तारखेला, बिल मात्र कधीतरी

नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं की पेपरात दोन आकडे हमखास येतात: किती लाख कोटींची गुंतवणूक आणि किती लाख रोजगार. साकीनाक्याला आमच्या गल्लीत त्यावर कुणी फारसं बोलत नाही. लेथ, मिलिंग, पॉवर प्रेस टाकून वर्षानुवर्षं बसलेले आमचे गाळे त्या आकड्यांत कुठेच नसतात.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. उद्योग मुंबई-पुण्याबाहेर पसरावेत म्हणून ती आणली, आणि गडचिरोलीच्या कारखान्याला मुंबईपेक्षा जास्त सवलत मिळायलाच हवी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला अनुदान नकोच आहे. केलेल्या कामाचे पैसे वेळेत हवेत, आणि तिथे राज्य सरकारच्या हातात खूप काही आहे.

२००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला सांगितलंय. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पैसे अडकले तर दाद मागायला सुविधा परिषद, आणि ती नेमायची राज्य सरकारने. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असंही कायदाच म्हणतो. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतका भक्कम कायदा असूनही माझ्या ओळखीतले बहुतेक गाळेवाले परिषदेची पायरी चढत नाहीत. तारखा लांबतात, निकाल हातात आला तरी वसुलीसाठी परत कोर्ट, आणि अर्ज केला त्या दिवसापासून त्या पार्टीचं, म्हणजे ग्राहक कंपनीचं, काम बंद.

२०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत न देणाऱ्या कंपनीला ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. केंद्राने हे चांगलं केलं. पण आमच्या एका मोठ्या ग्राहकाने त्यावर काय करावं? "उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो" असा निरोप पाठवला. म्हणजे लघुउद्योग म्हणून आमची सरकारी नोंदच नको, की हा नियमही नको. लहान माणसाने हक्क मागितला की त्याचं कामच काढून घ्यायचं, याची मला मनापासून चीड येते.

आता कामगाराकडे बघा. त्याचा पगार महिना संपल्यावर सात दिवसांत द्यायचा, हा कायदा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. आमचा टर्नर नालासोपाऱ्याहून लोकलला लोंबकळत येतो, त्याचं घरभाडं आमच्या पार्टीच्या पेमेंटसाठी थांबत नाही. जीएसटीही थांबत नाही. बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, कर भरायचा. मधली फट आम्ही बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिटच्या कर्जावर) नाहीतर घरातलं सोनं ठेवून भरतो. ती भरता आली नाही की पहिली काटछाट ओव्हरटाइमची, मग नव्या माणसाची.

म्हणूनच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल मला वेगळं सांगायचंय. २०२४ मध्ये ती आली तेव्हा बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन सरकार देणार होतं, सहा महिने. मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. पोरांनी कारखान्यात हात काळे करावेत म्हणून सरकार पैसे घालतंय, याचा मला आनंद आहे. पण लेथवर हात बसायला वर्षं जातात. विद्यावेतन संपल्यावर त्या पोराला ठेवायचं तर आमच्या खात्यात वेळेवर पैसे हवेत. ते नसले तर जेमतेम कॅलिपर धरायला शिकलेला मुलगा डिलिव्हरीच्या बाईकवर जातो. त्याला दोष कसा देणार?

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. सुविधा परिषदेचं काम उद्योग खात्याच्या अधिकाऱ्यांकडे बाकीच्या कामांबरोबर असतं. त्याऐवजी मुंबई-ठाण्यासाठी फक्त हेच काम करणारी पूर्णवेळ माणसं द्या. निकालानंतरची वसुली अमुक अधिकाऱ्याची, असं नावानिशी ठरवा. आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदारांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्या कंत्राटदारांच्या मागे ग्रिल, फॅब्रिकेशन, नटबोल्ट करणारे आमच्यासारखेच लोक उभे असतात. सरकारी खाती, महामंडळं आणि महापालिका यांनी लघुउद्योगांची ४५ दिवसांपलीकडची बिलं व्याजासकट चुकती करावीत, हा आदेश काढायला नवं धोरण लागत नाही.

ज्यांचे गाळे आहेत आणि जे गाळ्यात कामाला आहेत त्यांनी खाली लिहा, तुमचं सगळ्यात जुनं अडकलेलं बिल किती महिन्यांचं आहे. पार्टीचं नाव नको, महिने लिहा. ती यादी घेऊन आपण आमदारांकडे जाऊ.